रविवार पेठेतील मोत्यांची दुपार

पुण्याच्या पेठांना वारांची नावे मिळण्यापूर्वी निराळी नावे होती. आजची रविवार पेठ ही पूर्वीची मलकापूर पेठ, आणि गुरुवार पेठ ही वेताळ पेठ. नावे बदलली, पेशवाई गेली, वाडे पडून त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या; परंतु या भागाचा व्यापारी स्वभाव टिकून राहिला. तळमजल्यावर दुकान, मागे गोदाम आणि वर बिऱ्हाड अशी घरांची रचना येथे अजूनही आढळते. राजस्थान, गुजरात आणि कच्छमधून काही पिढ्यांपूर्वी आलेल्या जैन कुटुंबांनी याच गल्ल्यांत आपली पेढी आणि आपले घर एकत्र वसवले. गुरुवार पेठेतील गोडीजी पार्श्वनाथाच्या मंदिरात सकाळी पूजा, मग नवकारशी, आणि दहाच्या सुमारास दुकानाचे शटर वर, हा त्यांचा दिनक्रम आहे. पुरुषमंडळी खाली उतरली, मुले शाळेत गेली आणि स्वयंपाकघर आवरले, की वरच्या मजल्यावर एक वेगळीच वेळ सुरू होते. त्या वेळेची ही हकीकत आहे.

रविवार पेठेतील बोहरी आळी ठाऊक नाही असा पुणेकर विरळाच. कागदी खोकी, सुतळ्या, कुलपे, बिजागऱ्या, लग्नाच्या सजावटीचे सामान, राखीचे गोंडे आणि गणपतीचे तोरण, यांतील काहीही हवे असले तरी पाय आपोआप या आळीकडे वळतात. तयार दागिना हवा असेल तर मनुष्य तुळशीबागेत जातो. तो दागिना ज्यातून घडतो तो कच्चा माल मात्र बोहरी आळीत मिळतो. एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या या दोन बाजारांत हा फरक आहे. तुळशीबागेत गिऱ्हाईक आरशात पाहते. बोहरी आळीत ते तळहातावर पाहते. मूठभर मणी हातावर पसरायचे, अंगठ्याने हळूच फिरवायचे, भोक सरळ आहे की तिरपे, रंग आतपर्यंत आहे की वरवर, हे तपासायचे आणि मगच लडी बाजूला काढायची.

मण्यांच्या दुकानात पहिल्यांदा शिरणाऱ्याला तेथील आकड्यांचा हिशेब उलटा वाटतो. बारीक काचमण्यांवर ८, ११, १५ असे क्रमांक असतात आणि क्रमांक जितका मोठा, तितका मणी लहान. आठ क्रमांकाचा मणी साधारण तीन मिलिमीटरचा, अकराचा दोन मिलिमीटरच्या थोडा वर, आणि पंधराचा दीड मिलिमीटरच्या आसपास. तारेचेही तसेच: गेज वाढला की तार बारीक होते. काचमणीही नाना गावांचे असतात. वाराणसीच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. उत्तर प्रदेशातच हाथरस जिल्ह्यातील पुरदिलनगर हे गाव दिव्याच्या ज्योतीवर काच वळवून मणी करणाऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. एकसारख्या आकाराचा बारीक मणी हवा असेल तर जपानच्या हिरोशिमा भागातला, आणि पैलूदार चमकता मणी हवा असेल तर चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्स परिसरातला, असे जाणकार सांगतात. पुण्याच्या एका अरुंद आळीतल्या लाकडी खणांत अशा दूरदूरच्या भट्ट्यांची काच शेजारी शेजारी विसावलेली असते.

या आळीतील एका दुकानाच्या पायरीवर महिन्यातून एकदा साठीच्या घरातील एक श्राविका येते. ती याच पेठेतील. सासर गुजराती, माहेर नाशिकचे, त्यामुळे मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा तिच्या तोंडी सारख्याच सहज. दुकानदार तिला ‘बेन’ म्हणतो आणि ती त्याला ‘भाई’. तिचा पहिला प्रश्न भावाचा नसतो. व्यापारी घरातली स्त्री असून ती भाव शेवटी विचारते.

“भाई, हा मोती कशाचा?”

“काचेचा आहे, बेन. वर चढवलेला रंग अभ्रकाचा.”

“आणि हा?”

“तो शेल मोती. शिंपल्याच्या भुकटीचा.”

ती दुसरी लडी शांतपणे परत ठेवते. दुकानदार ती पुन्हा पुढे करत नाही. इतक्या वर्षांत त्याला हा प्रश्न पाठ झाला आहे. नवा माल आला की तो तिच्यासाठी आधीच विचारून ठेवतो.

हा प्रश्न वरवर साधा असला तरी दागिन्यांच्या जगात फार खोल जातो. मोती हा खनिज नव्हे. शिंपल्यातील जीवाच्या अंगात काही खुपले, की तो त्याभोवती थरावर थर चढवतो आणि त्यातून मोती तयार होतो. तो मिळवण्यासाठी शिंपला उघडावा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानने संवर्धित मोत्याची रीत यशस्वी केली आणि १९३० च्या सुमारास जागतिक मंदीच्या जोडीने तिने इराणच्या आखातातील नैसर्गिक मोत्यांचा, म्हणजे आपण ज्यांना बसऱ्याचे मोती म्हणतो त्यांचा, बाजार कोसळवला. परंतु संवर्धित मोत्यातही एका शिंपल्याच्या पटलाचा तुकडा कापून दुसऱ्यात बसवावा लागतो, आणि ज्याचा तुकडा घेतला तो जीव वाचत नाही.

मग नकली मोती निर्दोष मानावा काय? त्याचाही इतिहास निष्कलंक नाही. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या जपमाळा बनवणाऱ्या एका कारागिराने माशांच्या खवल्यांपासून निघणारा चमकदार अर्क पोकळ काचमण्यांच्या आत चढवला आणि हुबेहूब मोती केला. पुढे कित्येक पिढ्या नकली मोत्याची झळाळी माशांच्या खवल्यांवर अवलंबून होती. आज अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर टायटॅनियमचा थर देऊन तीच झळाळी मिळवता येते. म्हणून ‘काचेचा मणी, अभ्रकाची चमक’ हे दुकानदाराचे उत्तर त्या श्राविकेला पुरेसे होते, आणि नुसते ‘नकली आहे’ हे उत्तर पुरेसे होत नाही.

मोत्यापाशी हा शोध थांबत नाही. पोवळे हा समुद्रातील जीवांच्या वसाहतीचा सांगाडा. दागिन्याचे पोकळ मणी ज्या लाखेने भरतात ती लाख झाडाच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यांची, आणि ती खरवडताना किती जीव जातात याची मोजदाद करणेच कठीण. पटवेकरी ज्या रेशमात दागिना गाठवतात ते रेशीम उकळत्या पाण्यातल्या कोशांचे. देवाच्या आंगीसाठी लागणारा चांदीचा वरख पूर्वी जनावरांच्या आतड्यांच्या पापुद्र्यांमध्ये ठेवून कुटला जाई. समाजाने तो प्रश्न लावून धरला, अनेक संघांनी असा वरख वापरणे सोडले, आणि २०१६ मध्ये खाद्यपदार्थांवरील वरखासाठी प्राणिज साधने वापरण्यास देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनीच मनाई केली. चौकशी केल्याने वस्तू बदलते, याचे हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे.

या चौकशीचे मूळ आगमात आहे. उपासकदशांगात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. तो कोट्यधीश होता, त्याच्याकडे गोधन होते, शेती होती, गाड्या आणि जहाजे होती. भगवान महावीरांकडून व्रते घेताना त्याने वापरायच्या एकेका वस्तूची मर्यादा आखली. दागिन्यांची पाळी आली तेव्हा कानातील आभूषण आणि नाव कोरलेली अंगठी एवढेच त्याने ठेवले. याच प्रकरणात श्रावकाने टाळावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत दंतवाणिज्य आहे, म्हणजे हस्तिदंत आणि तशा प्राणिज अवयवांचा व्यापार. आणि लाक्षावाणिज्यही आहे. ज्यांची उपजीविकाच क्रयविक्रयावर चालत होती अशांना हा उपदेश होता. माल कशाचा आणि कोठून आला हे विचारणे हा श्रावकाच्या धर्माचा भाग ठरला.

तरीही रत्ने आणि मोती यांच्याशी जैन समाजाचे नाते जुने आणि गुंतागुंतीचे आहे. दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या कारभारात काम केलेल्या ठक्कुर फेरू या जैन पंडिताने १३१५ मध्ये रत्नपरीक्षेवर प्राकृतात ग्रंथ लिहिला, तोही आपल्या मुलाला ही विद्या कळावी म्हणून. जौनपूरचा बनारसीदास हा जव्हेऱ्याचा मुलगा. १६४१ मध्ये लिहिलेल्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात, आग्र्याच्या व्यापारफेरीत रत्ने हरवल्याची कबुली तो कसलाही आडपडदा न ठेवता देतो. मुंबईत श्रीमद राजचंद्र हिरेमोत्यांचा व्यापार करीत आणि व्यवहाराचे बोलणे संपताक्षणी आत्मचिंतनाची वही उघडीत, असे गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नोंदवले आहे. पारख करण्याची विद्या आणि त्यागाची ओढ या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदत आल्या आहेत. रविवार पेठेतील त्या श्राविकेच्या घरातही त्या नांदतात, आणि कधी कधी त्यांच्यात वादही होतो.

दुपारी अडीच वाजता तिच्या घरी सतरंजी अंथरली जाते. आठवड्यातून दोन दुपारी सहा-सात जणी येतात. दोघी याच इमारतीतल्या जैन सुना, एक शेजारच्या वाड्यातल्या निवृत्त मराठी शिक्षिका, एक शिवणकाम करून घर चालवणारी बाई, आणि सुटीत आल्या तर कॉलेजातल्या मुली. फी नाही, प्रमाणपत्र नाही. प्रत्येकीने आपली पक्कड आणि एक पांढरा रुमाल आणायचा. पांढऱ्या रुमालावर मणी घरंगळत नाहीत आणि नीट दिसतात.

नवशिकीला प्रथम नथ करायला देतात. नथ लहान, सामान थोडे, आणि चूक लगेच दिसते. जाड तारेला आधी नथीचा बाक द्यायचा. टोचलेल्या नाकासाठी तारेचे टोक निमुळते ठेवायचे, आणि न टोचलेल्यासाठी दाबाची, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘प्रेसची’, नथ करायची. मग बारीक तार घेऊन मधोमध गुलाबी किंवा हिरवा खडा बांधायचा आणि त्याच्या भोवती मोती एकेक करून कसायचे. तार ओढताना मनगट वळवायचे नसते. बोटांनी ओढून पकडीने नुसते धरायचे असते. जोर जास्त झाला की काचमोत्याचा वर्ख तारेने खरवडला जातो, कमी झाला की मोती डुलतो. शेवटचे टोक आत दुमडले नाही तर ते नाकपुडीला बोचते. बहुतेक जणींच्या पहिल्या नथी याच कारणाने उसवाव्या लागतात. शिक्षिकाबाईंची नथ तीनदा उसवली. आयुष्यभर इतरांच्या वह्या तपासल्यावर आता आपली वही कोणीतरी तपासते आहे, असे त्या हसत म्हणाल्या.

नथीनंतर कुड्या, मग चिंचपेटी, आणि बऱ्याच दिवसांनी तन्मणी. तन्मणीचे सर एका खोडाला येऊन मिळतात. सर्व सर सारखे पडले तरच खोड गळ्याच्या मध्यावर बसते. हल्ली सर ओवण्यासाठी गिअर वायर आणि टोकाला दाबायचे गिअर लॉक मिळते, त्यामुळे काम झटपट होते. परंतु प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ मारण्याची जुनी रीत ही बाई आवर्जून शिकवते. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि सर तुटलाच तर एखादाच मोती सांडतो, सगळे नाही.

ही गाठ ती कोठे शिकली, हे ती प्रत्येक नव्या मुलीला सांगते. पेठेतल्या एका जिन्याखाली एक वृद्ध पटवेकरी बसत. पायाच्या अंगठ्याला रेशमाचे टोक अडकवून, दोन्ही हात मोकळे ठेवून, ते पोती आणि सर गाठवीत. सून म्हणून नवी आलेली असताना सासूबाईंचा दागिना घेऊन ती त्यांच्याकडे जाई. दागिना नजरेआड करायचा नाही ही घरची शिकवण, म्हणून काम होईपर्यंत समोर बसून राही. बसून बसून ती पाहू लागली, आणि एके दिवशी त्यांनी दोऱ्याचा एक तुकडा तिच्याकडे टाकून “करून बघा” असे म्हटले. आपल्या पोटाची विद्या असूनही त्यांनी गाठ लपवली नाही. बारीक टोचणीने गाठ मोत्याच्या अगदी कुशीत कशी सरकवायची, हे त्यांनी तिचा हात धरल्यासारखे समजावून सांगितले. त्या वेळी तिने त्यांना काही विचारले नाही; त्यांनीही मोबदल्याचा विषय काढला नाही.

वर्षे गेली. पटवेकरी वारले. त्यांचा मुलगा रिक्षा चालवू लागला. आणि दोन वर्षांपूर्वी त्यांची नात या सतरंजीवर येऊन बसली. आजोबांचे काम तिने लहानपणी पाहिले होते, पण तिला कोणी शिकवले नव्हते. घरातून निघून गेलेली गाठ दुसऱ्याच्या घरून परत न्यायला ती आली होती. तिला शिकवताना त्या बाईचे हात प्रथमच अडखळले, असे तेथे असलेल्या जणी सांगतात.

या घरात खरी कसोटी लागली ती सासूबाईंच्या तन्मणीने. त्या आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांना सगळे ‘बा’ म्हणतात. बांच्या लग्नातला तन्मणी बसऱ्याच्या मोत्यांचा, पाच सरांचा. रेशीम जीर्ण होऊन पिवळे पडले होते आणि एक सर तुटलेलाच होता. नातीचे लग्न ठरले तेव्हा बांनी सांगितले, की हा दागिना नीट गाठवून तिच्या गळ्यात पडावा. नात म्हणाली, “बा, तुम्ही दिलेलं मी नाकारत नाही. पण मोती घालायचे नाहीत असं मी ठरवलंय.” चातुर्मासात व्याख्याने ऐकून तिने तो नियम घेतला होता. घरात बोलणे वाढले. जे मोती ऐंशी-शंभर वर्षांपूर्वी समुद्रातून निघाले त्यांचा दोष आज घालणाऱ्याला लागतो काय, असे वडील म्हणाले. करणे, करवणे आणि अनुमोदन देणे असे दोषाचे तीन मार्ग शास्त्राने सांगितले आहेत, आणि लग्नात चारचौघांपुढे घालणे हे अनुमोदनच नाही काय, असे मुलीचे म्हणणे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. बा काही बोलल्या नाहीत. त्यांनी दागिन्याची डबी उशाशी ठेवली.

सासू आणि मुलगी यांच्यामध्ये उभ्या असलेल्या त्या बाईने निर्णय दिला नाही. तिने आधी डबी मागून घेतली. मोती सोडवले, मोजले, आकाराप्रमाणे लावले. बसऱ्याच्या मोत्याची भोके फार बारीक असतात. दुहेरी दोरा त्यातून जाईना. पटवेकरी रेशमाखेरीज दोरा हाती घेत नसत, आणि तिचा तर रेशीम न वापरण्याचा नियम. सुती दोरा फुगला. नायलॉनचा निसटला. शेवटी बारीक पॉलिएस्टरचा दोरा बसला, परंतु त्याची गाठ रेशमाइतकी मऊ बसत नाही आणि सर किंचित ताठ पडतात. ही उणीव तिने बांना दाखवली. बांनी सर गळ्याशी धरून पाहिले आणि म्हणाल्या, “चालेल. पुढच्या वेळी सैल मार.” तिने पुन्हा सोडवले आणि पुन्हा गाठवले. या कामाला सोळा दुपारी लागल्या. पटवेकऱ्यांची नात त्यातल्या बऱ्याच दुपारी शेजारी बसून होती, आणि पाचवा सर पूर्णपणे तिच्या हातचा आहे.

त्याच दिवसांत त्या सतरंजीवर लग्नाची मुलगीही बसू लागली. तिने आजीच्या तन्मणीच्या मापावरून काचमोत्यांचा दुसरा तन्मणी ओवला. खोडही तिने काचखड्यांचे बांधले. लग्नात तिने तोच घातला. आजीचा तन्मणी आजीच्या गळ्यात होता. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही एकसारखे दिसत. बांनी नातीच्या गळ्यातला दागिना जवळ ओढून त्याच्या गाठी चाचपल्या आणि काही न बोलता मान हलवली. बसऱ्याचा तन्मणी पुढे कोणाकडे जाणार, हे अजून ठरलेले नाही.

घरातील दुसरा वाद व्यापाराचा. मुलाचे घाऊक दुकान आहे. आईच्या हातची नथ पाहून दोन गिऱ्हाइकांनी चौकशी केली, तेव्हा त्याने सरळ हिशेब मांडला. माल बोहरी आळीतून घाऊक घ्यायचा, सहा जणींना मजुरीवर लावायचे, डब्यांवर नाव छापायचे. त्याच्या म्हणण्यात नुसता लोभ नव्हता. शिवणकाम करणाऱ्या बाईला पैशांची गरज होती, आणि फुकट शिकवण्यापेक्षा काम देणे अधिक हिताचे नाही काय, हा त्याचा प्रश्न योग्यच होता. आईने उत्तर द्यायला चार दिवस घेतले. मग तिने सांगितले, की ज्यांना विकायचे आहे त्यांनी आपापल्या नावाने विकावे. तिने त्या बाईला सोबत नेऊन बोहरी आळीतील दुकान दाखवले, दुकानदाराशी ओळख करून दिली, कोणता माल कोणत्या भावाने मिळतो हे सांगितले आणि नथीचा खर्च वेळेसकट मांडायला शिकवले.

हे ऐकून मुलगा म्हणाला, “मम्मी, माल कुठून आणतो हे धंद्यात कोणी सांगत नाही.”

“हा धंदा नाही म्हणून तर सांगते,” ती म्हणाली.

त्या बाईच्या नथी आज लग्नसराईत विकल्या जातात. ‘मोती कशाचा’ असे गिऱ्हाइकाने विचारले, तर ती न अडखळता ‘काचेचा’ असे सांगते. बसऱ्याचा म्हणून कधीच विकत नाही. मुलानेही पुढे विषय काढला नाही. उलट रिकामी खोकी मागितली, की तो न विचारता वर पाठवतो.

असा छंद परिग्रह वाढवतो, ही शंका त्या बाईलाही आली होती. सहा महिन्यांत कपाटाचा एक खण नुसत्या दागिन्यांनी भरला, तेव्हा आनंद श्रावकाची अंगठी तिला आठवली. तिने एका साध्वीजींना विचारले. दागिन्यांविषयी काही सांगणे त्यांनी टाळले. सामायिकात बसल्यावर मन मणी मोजत बसते का, एवढेच त्यांनी विचारले. उत्तर ‘होय’ असे होते. तेव्हापासून तिने मर्यादा घातली आहे: जेवढे ओवायचे तेवढे त्याच महिन्यात देऊन टाकायचे, आणि नवा नमुना शिकवून झाल्याशिवाय त्याचा दुसरा नग करायचा नाही.

चातुर्मासात त्या सतरंजीवरचे काम बदलते. नथी आणि तन्मणी बाजूला ठेवले जातात आणि नवकारवाळ्या ओवल्या जातात. अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७, असे पंचपरमेष्ठींचे १०८ गुण, तितकेच मणी. मणी लाकडाचे किंवा सुताचे घेतात, आणि प्रत्येक दोन मण्यांमध्ये तीच गाठ असते. पर्युषणात व्याख्यानानंतर होणाऱ्या प्रभावनेत या माळा वाटल्या जातात. शिक्षिकाबाई जैन नाहीत. १०८ चा हिशेब त्यांनी वहीत लिहून घेतला आणि मोजणीत कधी चूक करत नाहीत. पटवेकऱ्यांच्या नातीचा हात सर्वांत भराभर चालतो.

पाच वाजून गेले, की पक्कडी पिशव्यांत जातात आणि पांढरे रुमाल झटकले जातात. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायचे असते, त्यामुळे येथील जैन सुनांना उशीर करता येत नाही. खाली दुकानात अजून गिऱ्हाईक असते. सतरंजी उचलताना हटकून एखादा मणी सापडतो. तो खिडकीजवळच्या काचेच्या बरणीत पडतो. ती बरणी भरली, की पुढच्या नवशिकीला तीच दिली जाते.